हौसाची सही

आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतला शाळेच्या स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत बसले होते. मामाचा आवाज बसलेला होता. पहाटे झोपेतच गेले, त्रास काही झाला नाही, एवढं त्याने सांगितलं. मी म्हणाले, बरं. फोन ठेवला आणि खरं सांगते, हातातला पेपर पुरा तपासला, बेरीज केली, वर मार्क टाकले. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? आईचे वडील म्हटल्यावर त्यांनी वय विचारलं. नव्वदीला टेकले होते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, मग सोनंच झालं म्हणायचं. मी मान हलवली. आता रडू येईल, मग येईल, म्हणून जरा वेळ तशीच बसून राहिले... नाही आलं. आला तो राग, आणि तोही मी दहा वर्षांची असतानाचा. एवढी वर्षं तो कुठे दडून बसला होता कोण जाणे.

आता महिना उलटून गेला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, असं आई म्हणते. मला ते जमायचं नाही. आणि पंचाईत अशी की निव्वळ वाईटही बोलता येत नाही, कारण आबांच्या सोबतीतला माझा सगळ्यात आनंदाचा दिवस आणि त्यांनी केलेला विश्वासघात हे दोन वेगळे काढताच येत नाहीत. दिवस आठवायला गेलं की दगा आठवतो, दग्याबद्दल चिडायला गेलं की तो दिवस मधे येतो. म्हणून दोन्ही लिहिते.

आम्ही दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा रेल्वेत फिटर होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आई आणि मी एसटीने आजोळी, घोडनदीच्या काठी, इनामगावच्या अलीकडे. आबा म्हणजे उंच, सडसडीत, रापलेला माणूस. धोतर, पैरण, टोपी, आणि बसणं म्हणून माहीत नाही. सत्तरी ओलांडली तरी दुपारी आडवं झालेलं मी त्यांना पाहिलं नाही. पहिलीत माझा पहिला नंबर आला तेव्हापासून ते मला 'मास्तरीण' म्हणत. पत्र आलं की मला वाचायला लावत, स्वतःला वाचता येत असूनही. मी अडखळले की मिशीत हसत. मला वाटायचं, अख्ख्या जगात माझं कौतुक खरं कुणाला असेल तर ते आबांना.

आईला मात्र लिहिता-वाचता येत नव्हतं. ती पहिलीत कशीबशी सहा महिने गेली. मग मामाचा जन्म झाला, आणि आजी शेतात असताना त्याला काखेला घेऊन हिंडायला कुणीतरी हवं होतं. ते कुणीतरी म्हणजे आई. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही असायची. बाबा ड्यूटीवर असले तर आईचा अंगठा, आणि तो जांभळा ठसा वर्गात दिसू नये म्हणून मी पुस्तक दुमडून द्यायचे. बाबा तिला थट्टेने अंगठेबहाद्दर म्हणायचे. ती हसायची, पण त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडायचं.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नदीकाठचा चार एकरांचा तुकडा आबांनी फार पूर्वी, सीलिंगचा कायदा आला तेव्हा, जादा जमीन सरकारजमा होऊ नये म्हणून आजीच्या नावावर करून ठेवला होता. कागदावर आजी मालकीण. बाकी बांध कुठून कुठवर जातो हे तिला कुणी दाखवलंही नसेल. मी चौथीत असताना आजी गेली, आणि त्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून तीन नावं चढली. आबांचं, मामाचं आणि आईचं. म्हणजे माझी अडाणी आई चार एकरांतल्या तिसऱ्या हिश्श्याची मालकीण झाली होती, आणि हे आबांना माहीत होतं, मामाला माहीत होतं. तिला स्वतःला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या मे महिन्यात आबा आम्हाला न्यायला स्वतः दौंडला आले. दरवर्षी आमच्या आम्ही जायचो. आबा क्वार्टरच्या दारात उभे पाहून आईला काय आनंद झाला... आजी गेल्यानंतरचा पहिलाच उन्हाळा. तिला वाटलं होतं, आई नाही तर आता माहेरही गेल्यातच जमा. आणि इथे बाप पिशवी घेऊन न्यायला आलेला. शेजारणींना तिने दोनदा सांगितलं, आबा मुद्दाम आलेत म्हणून.

गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वाकळा, म्हणजे गोधड्या, धुवायला नदीवर जायचं ठरलं. घरातल्या सगळ्या वाकळा वर्षातून एकदा, उन्हाळ्यात धुवायच्या, अशी आमच्या आजोळची रीत. खरं तर ते बायकांचं काम. पण आबांनी स्वतः बैलगाडी जुंपली, वाकळांचा ढीग रचला, भाकऱ्यांचं गाठोडं घेतलं, मला उचलून ढिगावर बसवलं, आणि ऊन चढायच्या आत आम्ही नदीत होतो. आई, मामी, मी आणि आबा. मामा म्हणे शिरूरला कामाला गेला होता. कसलं काम ते कुणी विचारलं नाही.

घोडनदी मे महिन्यात डोहापुरती उरायची, बाकी सगळी वाळू. काठाला कलिंगडाच्या वाड्या. आबांनी धोतर वर खोचलं, सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या वाकळांवर उभे राहिले आणि त्या तुडवायला लागले. मला म्हणाले, ये वर. मी त्यांची बोटं धरून नाचायला लागले. पाणी काळं निघत होतं, पाय घसरत होते, आणि आबा मध्येच मुद्दाम घसरल्यासारखं करून मला घाबरवत होते. मामी धोपाटण्याने वाकळा बडवत होती आणि हसून हसून तिचा हात थांबत होता. मग पिळायचं काम. एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला आई. बाप-लेकीने पीळ घातला की वाकळेतून धारा गळायच्या. मी त्या धारेखाली उभी. वाळूवर एकेक वाकळ पसरून कडेला धोंडे ठेवले, आणि आबांनी वाडीतून एक कलिंगड आणून धोंड्यावर आपटलं. मधला बिनबियांचा गर काढून पहिला मला दिला, दुसरा आईला. मामीला तिसरा, आणि स्वतः साल खरवडत बसले.

मग त्यांनी ओल्या वाळूवरून हात फिरवला. पाटी पुसावी तशी चांगली हातभर जागा सपाट केली आणि म्हणाले, "मास्तरीण, आज साळा भरवायची. येकच विद्यार्थिनी हाय, पर जरा थोराड हाय."

विद्यार्थिनी म्हणजे आई. ती आधी लाजली, मग चक्क पदर तोंडाला लावून पाठ फिरवून बसली. आता सही शिकून काय करायचंय, निम्मं आयुष्य अंगठ्यावर गेलं, असं काहीबाही म्हणाली. आबा म्हणाले, म्हणूनच. माझ्या लेकीला कुणी अंगठेबहाद्दर म्हणू नये. ते ऐकून आईने मान वर केली. बाबांची थट्टा तिने माहेरी कधी सांगितली नव्हती, मीच आदल्या संध्याकाळी बडबडले होते. मला वाटलं, आपण सांगितलं ते किती बरं झालं.

मी काडी घेऊन वाळूत मोठ्या अक्षरात 'मंगल' लिहिलं. आबांनी ते हाताने पुसून टाकलं.

"हे न्हवं. हौसा लिव."

मी म्हणाले, पण आईचं नाव मंगल आहे ना.

"ते दौंडचं," आबा म्हणाले. "हितं ती हौसा."

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. पाटावर बसते हौसा आणि उठते मंगल. आईचं तसंच झालं होतं. दौंडला तिला हौसा म्हणणारं कुणी नव्हतं. आजी म्हणायची, ती गेली. त्या दिवशी आबांनी ते नाव असं उच्चारलं की आईने पदर खाली घेतला आणि ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. इतकी वर्षं झाली, मला अजून तिचा तो चेहरा दिसतो. बापाने आपलं नाव आपल्याला परत दिलं, असं तिला वाटलं होतं. मला आज कळतं की सातबाऱ्यावर तलाठ्याने तेच नाव लिहिलं होतं. हौसा सखाराम. आबांना तीच सही हवी होती. मंगल त्यांच्या काहीच कामाची नव्हती.

'ह'ने आमचा जीव घेतला. आईचा 'ह' कधी उलटा वळायचा, कधी त्याचं शेपूट 'इ'सारखं व्हायचं. मी तिच्या बोटावर बोट ठेवून गिरवून घेतलं. मी मास्तरीणच होते, चुकलं की "पुन्हा" म्हणायचे, आमच्या चौथीच्या बाईंच्या आवाजात. आबा डोहातून ओंजळीने पाणी आणून वाळू पुन्हा ओली करायचे, पुन्हा सपाट करायचे. किती खेपा केल्या असतील त्यांनी त्या उन्हात. आईला कंटाळा आला की ते म्हणायचे, अजून येकदा, हौसे. वाळू तापायला लागली तशी आम्ही काठावरच्या करंजाखाली गेलो. तिथे खडक होता, पण लिहायला काही नव्हतं. आबा तेवढ्या उन्हात पांढरीच्या टेकाडावर, जुन्या मोडलेल्या वस्तीच्या जागी जाऊन जुन्या खापराचे चार तुकडे घेऊन आले. लाल खापराने खडकावर छान उमटतं. जेवणं व्हायच्या आत 'हौसा' जमलं. कैरीची चटणी आणि भाकरी खाता खाता आई डाव्या हाताने भाकरी धरून उजव्या बोटाने गुडघ्यावर ते नाव काढत होती.

मला वाटलं झालं. आबा म्हणाले, अजून बापाचं नाव राहिलं. दुपारभर 'सखाराम'. मधेच ते उठून आंबे उतरवून आले, बैलांना पाणी दाखवून आले, उन्हं कलल्यावर मला घेऊन विहिरीवर गेले. माझ्या पाठीला रिकामा डबा बांधला आणि काठावरून आधी स्वतः उडी मारली. सत्तरीचा माणूस, टोपी काढून माझ्या हातात देऊन. खालून म्हणाले, ये, मी हाय. मी डोळे मिटून उडी मारली. विहिरीची मला भयंकर भीती होती, पण आबा आहेत म्हटल्यावर प्रश्नच नव्हता. त्यांनी मला वरच्या वर झेललं.

परत येताना वाळलेल्या वाकळांच्या ढिगावर आई आणि मी पालथ्या पडून होतो. वाकळा उन्हाने गरम होत्या. आई माझ्या पाठीवर बोटाने अक्षरं काढायची आणि मी ओळखायचे. तिसऱ्या वेळी हौसा सखाराम अख्खं आलं, एक अक्षर चुकलं नाही. मी ओरडून आबांना सांगितलं, आई पास झाली. आबांनी मागे वळून पाहिलं आणि नुसती मान डोलावली. घरी गेल्यावर मात्र त्यांनी कोरा कागद काढला, आईच्या हातात पेन दिलं आणि दहा वेळा लिहून घेतलं. प्रत्येक सही निरखून पाहिली. मला वाटलं, परीक्षकसुद्धा एवढं बघत नसतील. तोवर मी एवढी सुखी कधी झाले नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा म्हणाले, चला, शिरूरला जायचं. न्हावऱ्यावरून एसटी धरली. कचेरीच्या आवारात झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसलेल्या एका माणसाजवळ मामा आधीच उभा होता. कागद तयार होते. आई पदर सावरून उभी राहिली आणि मला म्हणाली, काय लिवलंय गं? मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, वाच की मास्तरीण. वरती मोठ्या अक्षरात होतं ते मी न अडखळता वाचलं. 'हक्कसोडपत्र.' जोडाक्षर एका दमात म्हटलं म्हणून मला केवढा अभिमान... आईने विचारलं, म्हंजी? मला सांगता येईना. आबा म्हणाले, "तुझी आई गेली न्हवं, तवा सातबारा सरळ करायचाय. सरकारी शब्द असत्यात ते." आईने मान हलवली. बापाने सांगितलं, मग संपलं.

आत साहेबांनी आईला विचारलं, समजून सही करताय ना, बाई? अंगठा का सही? मामा काहीतरी बोलणार होता, त्याच्या आधी आईच बोलली. माझ्या डोक्यावर हात ठेवून ती म्हणाली, "सही येती मला. लेकीनं शिकिवली." साहेब माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. आणि मग माझ्या आईने आयुष्यातली पहिली सही केली. जीभ दाताखाली धरून, हळूहळू, एक अक्षर न चुकता. पानोपानी केली. मी शेजारी उभी राहून 'ह'कडे लक्ष ठेवून होते.

नंतर आबांनी बाजारात नेऊन आईला साडी घेतली. हिरवी, जरीकाठाची, तिच्या आवाक्याबाहेरची. मला कंपासपेटी. सगळ्यांना उसाचा रस. आईने ती साडी दौंडला येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

साडीनेच सगळं फोडलं. दिवाळीत आई ती नेसून क्वार्टरच्या ओट्यावर उभी होती. शेजारच्या काकू शिरूरकडच्याच. त्यांनी काठ हातात घेऊन पाहिला, कुणी घेतली विचारलं. आईने हौसेने सगळं सांगितलं. वाकळा, वाळू, सही, शिरूरची कचेरी, मग दुकान. काकू हसल्या आणि म्हणाल्या, मग हक्कसोडीची साडी म्हणा की. आईला कळलं नाही. काकूंनी समजावून सांगितलं. आमच्याकडे अशीच रीत आहे. बहिणीने जमिनीवरचा हक्क सोडला की माहेराकडून तिला साडी. गावात अशी साडी नेसून बाई आली की बायका काठावरून ओळखतात. आई तशीच आत आली. साडी बदलली. मी आतल्या खोलीत त्याच कंपासपेटीतल्या कोनमापकाने कोन मोजत होते. तिने मला फक्त विचारलं, तू वाचलं होतंस न्हवं?

मी वाचलं होतं. चांगलं खणखणीत वाचलं होतं.

बाबा रजा काढून तलाठ्याकडे जाऊन आले. सातबाऱ्यावर आईच्या नावाला कंस झाला होता. ज्याचा संबंध संपला त्याच्या नावाला कंस करतात. बाबा तिला खूप बोलले, आबांना बोलले, मला बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. आईने एकदाही आबांना नाव ठेवलं नाही. एकच वाक्य म्हणाली, भांडी घासताना, माझ्याकडे पाठ करून. "त्यांनी मागितलं असतं तर मी दिलंच असतं की गं. मागितलं न्हाई."

कंपासपेटी मी वर्गातल्या एका मुलीला देऊन टाकली आणि आजोळी जायचं बंद केलं. आई जात राहिली. माहेरी कोण जात नाही, म्हणायची. आबा दर उन्हाळ्यात आंब्याची पाटी घेऊन दौंडला यायचे आणि विचारायचे, मास्तरीण कुठंय. मास्तरीण आतल्या खोलीत दाराला कडी लावून बसलेली असायची. मी त्यांचे आंबेही खाल्ले नाहीत, आणि आंबे मला किती आवडतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी एकदाही कडी वाजवली नाही. मी मात्र प्रत्येक वेळी कान देऊन बसायचे की वाजवतील.

कॉलेजात गेल्यावर एकदा मीच बाहेर आले. आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती, बाबा ड्यूटीवर. आबा खुर्चीत बसले होते, काठी आली होती हातात. मी उभ्या उभ्या विचारलं, आबा, अंगठा घेतला असता तरी काम झालं असतं ना? मग सही का शिकवायला लावलीत? आणि मलाच का?

त्यांनी काठीच्या मुठीवरून बोटं फिरवली. "आंगठा घेतला असता तर उद्या कुणी म्हटलं असतं, अडाणी बाईला फसवलं," ते म्हणाले. "सहीला तसं म्हणता येत न्हाई."

"पण फसवलंच ना?"

"जमीन दिली असती तर भाऊ तुटला असता तिचा. मी गेल्यावं दारात कुणी उभं केलं असतं? मी माहेर ठेवलं तिला."

मी म्हणाले, तिला विचारायचं होतं. आतून तांदूळ निवडल्याचा आवाज थांबला होता. मग ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, यष्टी चुकंल. मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. चुकलं. एवढाच. तो त्यांनी उच्चारला नाही, आणि त्यानंतरही बरीच वर्षं हाताशी असून उच्चारला नाही. आता उच्चारायचा प्रश्नच मिटला. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

खरं तर अजून एक गोष्ट आहे, ती सांगायला जड जातं. तो दिवस. त्यांना सही हवी होती, कबूल. मग वाकळांवर नाचायची काय गरज होती? विहिरीत उडी मारायची? ओट्यावर बसवून पाटीवरही शिकवता आलं असतं. कधी वाटतं, आम्हाला भुलवायलाच सगळं केलं. कधी वाटतं, त्यांनाही त्या दिवशी खरोखर मजा आली होती, लेक आणि नात जवळ होती म्हणून. दोन्ही खरं असेल तर मग मी काय करू? मी शिक्षिका झाले ती कुणामुळे, असं लोक विचारतात तेव्हा मी दुसऱ्याच कुणाचं नाव सांगते.

तेराव्याला आम्ही सगळे आजोळी होतो. जेवणावळी उठल्या, पाहुणे पांगले. दुपारी मामाने आईला माजघरात बोलावलं. बाबा आणि मी तिथेच होतो. मामा वाईट माणूस नाही. आबांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांचं सगळं त्यानेच केलं. तो चाचरत म्हणाला, आक्का, आबांच्या जमिनीला आता आपल्या दोघांची नावं लागतील. लगेच हाताबरोबर हक्कसोड करून टाकू, पुन्हा तुला हेलपाटा नको. कागद त्याने आणूनच ठेवले होते. वर तेच जोडाक्षर. त्याने पेनाचं टोपण काढलं आणि पेन आईपुढे धरलं.

आईने पेन घेतलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "मला सही येत न्हाई."

मामाला ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तो म्हणाला, आक्का, असं काय करती, त्या वक्ताला माझ्यासमोर केली होतीस.

"ती आबांनी करून घेतली. मला येत न्हाई."

मग अंगठा दे, मामा म्हणाला.

"आंगठा नको. लोक म्हणतील, अडाणी बहिणीला फसवलं. तुझंच नाव खराब व्हईल."

मामाने पेनाला टोपण लावलं. आईच्या आवाजात राग नव्हता, भांडण नव्हतं. ती उठली आणि उरलेल्या बुंदीचे पुडे बांधायला मामीला मदत करायला गेली. निघताना मामीने तिची ओटी भरली. मामा एसटीपर्यंत पोचवायला आला, पण वाटेत बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तो आईला बोलावतो की नाही, ते आता बघायचं. आबांनी माहेर ठेवलं होतं म्हणे.

मागच्या रविवारी मी दौंडला गेले होते. दुपारी आई दुरेघी वही आणि पेन्सिल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, मला मंगल लिहायला शिकव. रेशनकार्डावर तेच आहे, बँकेतही तेच. हौसा लिहिलं की परत पाठवतात, म्हणून इतकी वर्षं ती तिथे अंगठाच देत होती. मला हे माहीतच नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मी एकदा लिहून दाखवलं, तिने खाली गिरवलं. तीन अक्षरं, वेळ लागला नाही. मग तिने कोऱ्या पानावर, मला न विचारता, एकटीने लिहिलं. आणि नावाखाली आडवी रेघ मारली, रेघेखाली दोन टिंबं दिली.

हे मी तिला शिकवलं नव्हतं, ना तेव्हा, ना आता. आबा तशी सही करायचे. नाव, रेघ, दोन टिंबं, दुसरं टिंब जरा दाबून. शिरूरला कचेरीत त्यांच्यामागोमाग सही करताना तिने ते पाहून घेतलं असणार. मी म्हणाले, आई, याची गरज नसते. ती वहीकडे बघत म्हणाली, सही अशीच असती. मला भयंकर राग आला. ती रेघ खोडायला सांगावं असं फार वाटलं. पण सही तिची होती.